सॉफ्टनर तीन आठवड्यांत फाटतं, नक्की काय चुकतंय?

चुरगळलेला (धागाकर्ता)

मंडळी, रसायनशास्त्राशी माझा शेवटचा संबंध कॉलेजात आला होता, तेव्हा सांभाळून घ्या. गेले काही महिने हौसेखातर फॅब्रिक सॉफ्टनर स्वतः करून बघतोय. दोन किलोची बॅच काढतो. कृती अशी:

एस्टरक्वाटची (कापड मऊ करणारा मुख्य घटक) पेस्ट ११० ग्रॅम (९० टक्के माल, उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल), सुगंध १० ग्रॅम, प्रिझर्व्हेटिव्ह २ ग्रॅम, निळा रंग अगदी नखभर, बाकी नळाचं पाणी.

पेस्ट कोमट पाण्यात डबा ठेवून सैल केली, ४० अंशांच्या पाण्यात थोडी थोडी सोडली आणि ढवळत राहिलो. पहिल्या दिवशी झकास, मोत्यासारखी झाक. चौथ्या दिवशी बाटलीतून ओतताना धार तुटायला लागली. तीन आठवड्यांनी खाली दोन बोटं निळसर स्वच्छ पाणी, वर घट्ट पांढरा थर, आणि वास घेतला तर सुगंधाच्या मागून मेणबत्तीसारखं काहीतरी.

दुसऱ्या बॅचला दाटपणा कमी करायला म्हणून एका व्हिडिओत पाहून इप्सम सॉल्ट घातलं. डोळ्यांदेखत चोथा झाला. मीठ टाकल्यावर सॉफ्टनर पातळ होतं असं सगळीकडे वाचलंय, मग माझ्याच वाट्याला हे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

इस्त्री

तोपर्यंत बाटलीवर 'हलवून वापरा' लिहा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

दोन_शेपट्या

या धंद्यात बरीच वर्षं घालवली आहेत म्हणून आधी उलट प्रश्न विचारतो. पीएच किती होता? पेस्ट पाण्यात गेली तेव्हा ती पूर्ण वितळलेली होती की नुसती मऊ? इप्सम सॉल्ट किती आणि कधी घातलं? पाणी जड आहे का?

चुरगळलेला

पीएच पट्टीवर साडेपाच ते सहाच्या मध्ये. मुद्दाम काही ॲसिड घातलं नव्हतं. पेस्ट मऊ होती, वितळलेली म्हणता येणार नाही, काठीला गोळे लागत होते. इप्सम सॉल्ट १० ग्रॅम, थंड झाल्यावर. पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर धरतो.

दोन_शेपट्या

मग चार गोष्टी एकदम चुकल्या आहेत. एकेक घेऊ.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: सॉफ्टनर हे द्रावण नव्हे. साखर पाण्यात विरघळते तसं एस्टरक्वाट विरघळत नाही. त्याच्या रेणूला एक डोकं असतं, नायट्रोजनवर धनभार असलेलं (अशा रेणूला थोडक्यात क्वाट म्हणतात), आणि त्याला १६-१८ कार्बनच्या दोन लांब शेपट्या. (माझ्या आयडीचं रहस्य आता कळलं असेल.) एका शेपटीचे सर्फॅक्टंट (साबणासारखे रेणू) पाण्यात मायसेल (शेपट्या आत वळवलेले छोटे गोळे) करून पारदर्शक विरघळतात. दोन शेपट्यांचा रेणू त्या मानाने फार जाडा, त्याला गोल मायसेलमध्ये बसताच येत नाही. तो दुहेरी थराचे पडदे करतो आणि ते पडदे मिटून फुगे होतात, एकात एक कांद्यासारखे. यांना व्हेसिकल म्हणतात, मराठीत पुटिका म्हणा. तुमच्या बाटलीतला तो पांढरा मोतिया रंग म्हणजे या असंख्य पुटिकांवरून विखुरलेला उजेड.

आता हे पडदे वळायला शेपट्या सैल हव्यात. संपृक्त (दुहेरी बंध नसलेल्या) शेपट्यांच्या क्वाटमध्ये त्या साधारण ४० ते ५० अंशांपर्यंत गोठलेल्या असतात, काड्यांच्या जुडीसारख्या ताठ. तुम्ही बरोबर त्याच सीमेवर, ४० अंशांवर, ढवळत बसलात. अशा वेळी पुटिका होत नाहीत, ओबडधोबड तुकडे होतात. दिसायला पहिल्या दिवशी दोन्ही सारखंच पांढरं दिसतं, फसगत होते ती तिथेच. नंतर ते तुकडे हळूहळू पाणी पितात, एकमेकांना चिकटतात, आणि चौथ्या दिवशी धार तुटते.

म्हणून: पेस्ट ६० अंशांच्या आसपास पूर्ण, पारदर्शक होईपर्यंत वितळवायची. पाणी ५५ ते ६०. पेस्ट पाण्यात सोडायची, पाणी पेस्टमध्ये कधीच नाही. उलट केलंत तर वाटेत असा एक घट्ट जेलचा टप्पा लागतो की स्टरर जागच्या जागी फिरत राहतो आणि बाकी भांडं ढिम्म. एकदा मी नवीन असताना पाळी संपायला आली म्हणून घाईत तसं केलं होतं. दुसऱ्या दिवशी तो गर फावड्याने काढला. कोणी रागावलं नाही, फक्त फावडं माझ्या हातात दिलं.

आणि हो, त्या पेस्टमधलं अल्कोहोल पेट घेतं, त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ पेटू शकते) साधारण १२ अंश आहे. उघड्या ज्योतीवर वितळवू नका. गरम पाण्यात डबा, खिडक्या उघड्या.

टॉवेलप्रेमी

वाखु (वाचनखूण) साठवली. पण एक शंका: पीएचचा काय संबंध? न्यूट्रल असेल तर कपड्यांना चांगलंच ना?

दोन_शेपट्या

त्यावरच येत होतो. एस्टरक्वाट या नावातलं 'एस्टर' हीच त्याची खुबी आणि हाच त्याचा अशक्त सांधा. डोकं आणि शेपटी यांच्यामध्ये एस्टरचा बंध आहे. पाणी तो बंध तोडतं. शेपटी सुटून तिचं फॅटी ॲसिड होतं, आणि ते झालं की तुमचा तो मेणबत्तीचा वास. हे तुटणं पीएच ३ च्या आसपास सगळ्यात मंद असतं, त्याच्या वर जाल तसं वाढत जातं. म्हणून या प्रकारचा माल साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. साडेपाच-सहाला ठेवलेली बाटली पहिल्या दिवसापासून आतून कापली जात होती. त्यात उष्णता असेल तर आणखी वेगाने.

कपड्यांची काळजी करू नका. झाकणभर सॉफ्टनर खळबळायच्या कितीतरी लिटर पाण्यात पडतो, तिथे त्या आम्लाचं नामोनिशाण राहत नाही.

ॲसिड मात्र पाण्यात आधी घाला आणि मग क्वाट सोडा. जड पाण्यात बायकार्बोनेट असतं, ते तुमचं ॲसिड गिळून टाकतं. आज ३ दिसलेला पीएच उद्या ४ दाखवतो. शक्यतो डिमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणीच घ्या.

मोलभर

दोन_शेपट्या यांच्याशी सहमत. मिठाचं कोडं राहिलं, ते मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न असा पडायला हवा की ५ टक्के क्वाटने द्रव दाट होतोच कसा. ९५ टक्के तर पाणी आहे. उत्तर पुटिकांच्या पोटात आहे. प्रत्येक पुटिका आपल्या थरांमध्ये पाणी कोंडून ठेवते. दाटपणा ठरतो तो क्वाटच्या वजनावर नव्हे, या फुगलेल्या पुटिका एकूण किती जागा अडवतात यावर. ५ ग्रॅम क्वाट ४० मिलीलिटर जागा अडवू शकतं. गर्दीच्या डब्यात प्रत्येकाने पाठीला बोचकं लावल्यावर जे होतं तेच.

आता बाहेरच्या पाण्यात थोडं कॅल्शियम क्लोराइड घाला. बाहेर क्षार जास्त, आत कमी. ऑस्मोसिसने पुटिकेतलं पाणी बाहेर येतं, बोचकी रिकामी होतात, गर्दी सुटते, माल सैल पडतो. पण यासाठी मीठ पुटिका तयार झाल्यानंतर घालायला हवं. आधीच पाण्यात असेल तर ते आतही तितकंच आणि बाहेरही तितकंच, मग ओढ कुठून येणार? चुरगळलेला यांचं जड पाणी इथेही आडवं आलं असणार, क्षार आतबाहेर सारखेच.

मीठ जास्त झालं की उलटा खेळ सुरू होतो. पुटिका एकमेकींपासून दूर राहतात त्या धनभाराच्या जोरावर, सगळ्या एकाच चिन्हाच्या म्हणून. मीठ त्या भारावर पांघरूण घालतं. पांघरूण जाड झालं की त्या एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि दाटपणा पुन्हा वर चढतो. म्हणजे मीठ विरुद्ध दाटपणा असा आलेख काढला तर तो आधी खाली येतो, मग वर जातो. मधल्या खोलगट जागेत आपल्याला राहायचं असतं.

आणि आता इप्सम सॉल्ट. ते मॅग्नेशियम सल्फेट आहे. कण धनभारित असतील तर त्यांच्यावर पांघरूण घालायचं काम ऋण आयन करतो, मॅग्नेशियम नव्हे. क्लोराइडवर एक भार, सल्फेटवर दोन. वाटेल की दुप्पट फरक पडेल. पण शुल्झ-हार्डी नियमानुसार आयनाचा भार वाढला की कण गोठवायची त्याची ताकद प्रचंड वेगाने वाढते. आदर्श परिस्थितीत गोठवायला लागणारं प्रमाण भाराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. दोनाचा सहावा घात ६४. प्रत्यक्षात इतका फरक दिसेलच असं नाही, पण तुमच्या १० ग्रॅमने चोथा का झाला हे समजायला पुरेसं आहे.

चुरगळलेला

हे वाचून अक्षरशः उठून मीठ पुन्हा पाहिलं. मी पूर्ण वेळ मॅग्नेशियमकडेच बघत होतो. मग मॅग्नेशियम क्लोराइड चालेल?

मोलभर

चालेल. कॅल्शियम क्लोराइड जास्त रूढ आहे एवढंच.

नदीकाठ

मोलभर, मग पीएच कमी करायला सायट्रिक ॲसिड वापरू नये ना? सायट्रेटवर तर तीन भार असतात. तीनाचा सहावा घात ७२९!

मोलभर

चांगली हरकत आहे, पण इथे लागू पडत नाही. सायट्रिक ॲसिड आपले तीन हायड्रोजन एकदम सोडत नाही. पहिला पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू तो हायड्रोजन सोडतात) ३.१, दुसरा ४.८, तिसरा ६.४ च्या जवळपास. पीएच ३ ला त्याचे निम्म्याहून जास्त रेणू भाररहित असतात, उरलेल्यांतले जवळजवळ सगळे एकच भार असलेले. तीन भारांचं सायट्रेट तिथे नगण्य. हायड्रोक्लोरिक ॲसिड जास्त सरळ हिशोबाचं, पण ज्याला ते हाताळायची सवय नाही त्याने सायट्रिकच घ्यावं असं मी म्हणेन.

दोन_शेपट्या

+१. मात्र सोडियम सायट्रेट घालून 'बफर' (पीएच हलू नये अशी सोय) करायला जाऊ नका. असं करणारे भेटलेत.

व्हिनेगरवाली

एवढा खटाटोप कशाला? शेवटच्या पाण्यात पांढरं व्हिनेगर घाला, कपडे मऊ होतात. मी कित्येक वर्षं तेच करते. हे क्वाट-बिट सगळं मार्केटिंग आहे.

दोन_शेपट्या

ताई, तुमचा अनुभव खोटा नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. साबण-पावडरीतला अल्कलीपणा आणि जड पाण्याचे कार्बोनेट कपड्यात राहिले की कापड खरखरीत लागतं. व्हिनेगर ते काढतं, म्हणून फरक जाणवतो. पण धाग्यावर काहीही बसवत नाही. ज्यांचं पाणी मऊ आहे आणि कपडे नीट खळबळले जातात त्यांना व्हिनेगरचा फरक कळणारही नाही. एक कळकळीची विनंती: व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच एकाच धुण्यात नको, क्लोरीन वायू सुटतो.

व्हिनेगरवाली

ब्लीचचं माहीत आहे हो. बाकी मान्य, अंशतः. :)

टॉवेलप्रेमी

मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. सॉफ्टनर मऊ करतं म्हणजे नेमकं काय करतं? तेल लावल्यासारखं?

मोलभर

बराच काळ तसंच शिकवलं गेलं. सुती धाग्याचा पृष्ठभाग पाण्यात ऋणभारित असतो, पुटिका धनभारित, त्यामुळे त्या काही मिनिटांत कापडावर जाऊन बसतात. शेपट्या बाहेरच्या बाजूला, तंतू एकमेकांवरून घसरतात, म्हणून मऊ. हे चूक नाही. पण यात एक गोष्ट सुटते.

दोरीवर वारा नसताना वाळलेला सुती टॉवेल हातात घ्या. पत्र्यासारखा ताठ असतो. आता तोच दोन्ही हातांत धरून नुसता चोळा. पाणी नाही, तेल नाही, तरी मऊ होतो. म्हणजे काहीतरी जोडलेलं होतं आणि ते तुम्ही तोडलंत. तंतूंच्या पृष्ठभागावर सेल्युलोजला घट्ट धरून बसलेलं थोडं पाणी वाळल्यावरही उरतं. ते शेजारशेजारच्या तंतूंना हायड्रोजन बंधांनी सांधून ठेवतं, जणू डिंकच. २०२० मध्ये जपानच्या काओ कंपनीच्या आणि होक्काइदो विद्यापीठाच्या संशोधकांनी हवेत वाळलेल्या सुतावरचं हे बद्ध पाणी तपासून दाखवलं. साध्या पाण्यापेक्षा ते वेगळं वागतं. या चित्रात सॉफ्टनरचं मुख्य काम वंगणाचं नसून हे सांधे जुळूच न देण्याचं ठरतं. वाऱ्यावर फडफडत वाळलेले किंवा ड्रायरमध्ये उलटसुलट झालेले कपडे कमी ताठ का असतात तेही यातून सुटतं: सांधा धरायच्या आत तंतू हलत राहतात.

टॉवेलप्रेमी

दंडवत! आज घरी टॉवेल चोळून पाहिला, खरंच की. मग उपप्रश्न: सॉफ्टनर लावल्यावर माझे टॉवेल पाणीच टिपत नाहीत. अंगावरून नुसतं पाणी इकडून तिकडे ढकलतात.

दोन_शेपट्या

शेपट्या मेणचट आहेत हो, पाण्याला आवडत नाहीत. मात्रा बघा. कोरड्या कपड्यांच्या वजनाच्या साधारण ०.१ टक्का ॲक्टिव्ह (म्हणजे निव्वळ क्वाट) पुरतं. म्हणजे किलोभर कपड्यांना एक ग्रॅम, ५ टक्क्यांच्या मालाचे २० मिली. लोक सुगंधासाठी तिप्पट ओततात आणि दर धुण्याला थर चढत जातो. टॉवेलांना दोन-तीन धुण्यांतून एकदा द्या, तेही कमी. घाम शोषून बाहेर टाकणारे खेळाचे कपडे आणि पुसायची मायक्रोफायबर फडकी यांना अजिबात नको. आगरोधक प्रक्रिया केलेल्या कपड्यांना तर नाहीच, त्यावर हा थर बसला की त्यांचा आगरोधकपणा कमी होतो.

फॉर्म्युलेशनच्या बाजूने एक उपाय आहे. शेपट्यांमध्ये काही ठिकाणी दुहेरी बंध ठेवले, म्हणजे आयोडीन व्हॅल्यू जरा जास्त असलेलं क्वाट घेतलं, तर थर कमी मेणचट होतो आणि पाणी बरं टिपलं जातं. ते कमी तापमानाला पसरतंही. पण मऊपणा थोडा उतरतो, आणि दुहेरी बंध हवेने खराब होऊन वास मारू शकतात. कुठलंही एक टोक पकडलं की दुसरं हातातून सुटतं.

नदीकाठ

मला पर्यावरणाचं विचारायचंय. हे क्वाट नदीत जाऊन काय होतं?

दोन_शेपट्या

जुन्या मालाचं आणि नव्याचं उत्तर वेगळं आहे. आधी अनेक दशकं सगळे डीएचटीडीएमएसी वापरत. चरबीपासून केलेल्या त्याच दोन शेपट्या, पण नायट्रोजनला थेट जोडलेल्या, मध्ये एस्टर नाही. सॉफ्टनर म्हणून सोन्यासारखं: पीएच कितीही असो, तुटत नाही. आणि तोच दोष ठरला. गाळात साचायचं, जिवाणूंना फोडता येत नव्हतं. १९९० च्या सुमारास नेदरलँड्स आणि जर्मनीत यावरून ओरड झाली आणि युरोपातल्या उत्पादकांनी काही वर्षांतच एस्टरक्वाटकडे मोर्चा वळवला. एस्टर तुटला की एका बाजूला फॅटी ॲसिड आणि दुसऱ्या बाजूला छोटं पाण्यात विरघळणारं क्वाट उरतं, दोन्ही जिवाणू खातात.

म्हणजे बघा, धागाकर्त्याच्या बाटलीत जे तीन आठवड्यांत घडलं ते नदीत घडावं म्हणूनच हा रेणू असा बनवलाय. आपण पीएच ३ ठेवून त्याला एवढंच सांगतो की बाबा, अजून वेळ आहे.

इस्त्री

'बाबा, अजून वेळ आहे' हे मी रोज अलार्मला सांगतो.

चुरगळलेला

एक खुळचट प्रश्न. एस्टरक्वाट स्वतःच करता येईल का? ट्रायइथेनॉलअमाइन आणि स्टिअरिक ॲसिड तर मिळतं.

मोलभर

नाही. इथे विनोद नाही. एस्टर करण्यापर्यंत ठीक, पण नंतर नायट्रोजनवर धनभार आणायला डायमिथाइल सल्फेट लागतं. ते विषारी आहे, कर्करोगकारक मानलं जातं, आणि त्याचा फारसा वास येत नाही. वाफेने इजा झाली तरी लक्षणं काही तासांनी दिसतात, तोवर उशीर झालेला असतो. कारखान्यात बंद रिॲक्टरमध्ये करायचं काम आहे ते.

दोन_शेपट्या

शंभर टक्के. शिवाय कारखान्यातही निव्वळ दोन शेपट्यांचं मिळत नाही, एक, दोन आणि तीन शेपट्यांचं मिश्रण मिळतं. फॅटी ॲसिड आणि अमाइनचं प्रमाण दोनाच्या जरा खाली ठेवून दोनवालं जास्तीत जास्त पाडायचं हे त्यातलं कसब. एकशेपटीवालं मऊपणाला निरुपयोगी, पण अगदी वाया जात नाही, खळबळताना कपड्यात राहिलेला डिटर्जंट ते अंगावर घेतं.

त्यावरून आठवलं. एक प्रयोग करा. काचेच्या ग्लासात थोडं सॉफ्टनर पाण्यात पसरवा, दुसऱ्यात कपड्याच्या पावडरीचं निवळ पाणी घ्या आणि थेंब थेंब त्यात सोडा. पांढरे धागे-गुठळ्या तरंगतील. पावडरीतला एलएएस (मळ काढणारा घटक) ऋणभारित, क्वाट धनभारित, दोघं गळ्यात गळा घालून पाण्याबाहेर. सॉफ्टनर शेवटच्या पाण्यातच का घालायचं ते एवढ्यात कळतं. पावडरीबरोबर घातलं तर दोन्ही गेलं.

टॉवेलप्रेमी

क्वाट आहे म्हणजे जंतूही मरत असतील? मग प्रिझर्व्हेटिव्ह कशाला?

दोन_शेपट्या

हा समज फार पसरलाय. जंतू मारणारं क्वाट म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइड वगैरे, एका मध्यम लांबीच्या शेपटीचं, पाण्यात विरघळणारं, जिवाणूच्या आवरणात घुसणारं. आपलं दोन लांब शेपट्यांचं थुलथुलीत बाळ पुटिकेत मुक्काम ठोकून बसतं. त्याच्या भरवशावर राहू नका, सॉफ्टनरमध्ये जिवाणू मजेत वाढतात.

धागाकर्ते, तुमचं प्रिझर्व्हेटिव्ह आयसोथायाझोलिनोनचं १.५ टक्क्यांचं द्रावण असेल तर २ किलोत २ ग्रॅम म्हणजे १५ पीपीएम (दहा लाखांत १५ भाग) झालं. वरची हद्द आहे ती, याच्या पुढे जाऊ नका. मूळ द्रावण त्वचेची ॲलर्जी लावतं, एकदा लागली की जन्मभर पुरते. हातमोजे घाला. आणि माल ४० अंशांखाली आल्यावरच घाला, गरम मालात ते टिकत नाही. सुगंधही तेव्हाच.

मोलभर

एक छान बघण्यासारखी गोष्ट सांगतो, ज्यांच्याकडे साधा सूक्ष्मदर्शक असेल त्यांच्यासाठी. दोन पोलरायझिंग फिल्टर घ्या, एक काचपट्टीच्या खाली, एक वर, एकमेकांना काटकोनात. सॉफ्टनरचा पातळ केलेला थेंब ठेवा. सगळं काळं दिसायला हवं, पण त्यात छोटे छोटे चमकणारे क्रूस दिसतील, चार पाकळ्यांच्या फुलांसारखे. कांद्यासारखे थर असलेल्या पुटिकांची ही सही आहे. ओबडधोबड तुकडे असतील तर क्रूस दिसत नाहीत, नुसती वेडीवाकडी चमक दिसते. चुरगळलेला, जुना माल अजून असेल तर नव्याच्या शेजारी ठेवून बघा.

चुरगळलेला

अपडेट. तीन बॅच काढल्या, प्रत्येकी अर्धा किलो, डिमिनरलाइज्ड पाण्यात, सायट्रिकने पीएच ३ करून, ६० अंशांवर, पेस्ट पाण्यात सोडून.

अ: मीठ नाही. ब: ०.०३ टक्के कॅल्शियम क्लोराइड, पुटिका झाल्यावर, थंड होता होता. क: तेवढंच मीठ, पण सुरुवातीलाच पाण्यात.

दुसऱ्या दिवशीच फरक दिसला. नरसाळ्यातून तितकाच माल ओतून वेळ मोजली. अ ला ५२ सेकंद, क ला ४४, ब ला १९! मीठ तेच, वजन तेच, फक्त कधी घातलं त्याचा हा फरक. मी दोनदा मोजलं, विश्वासच बसेना.

सूक्ष्मदर्शक भाचीकडून आणला. क्रूस दिसले!! जुन्या बॅचमध्ये एकही नाही, नुसता भुगा.

मोलभर

क थोडं कमी आलं तेही बरोबर आहे, आतबाहेर सारखं असलं तरी थरांमधलं अंतर मीठ जरा आवळतंच. फार सुंदर प्रयोग केलात.

दोन_शेपट्या

नरसाळं आवडलं. आमच्याकडे त्याच कामासाठी मोठा व्हिस्कोमीटर असायचा आणि त्याचा स्पिंडल नेहमी हरवलेला.

आता थोडा माल ४० अंशांना ठेवा, थोडा बाहेर, आणि दर आठवड्याला पीएच, वेळ आणि वास लिहून ठेवा. क्वाट किती शिल्लक आहे ते टायट्रेशनने (रंग बदलेपर्यंत किती द्रावण लागलं ते मोजून) कळतं: क्लोरोफॉर्मचा थर, मिश्र निर्देशक, सोडियम लॉरिल सल्फेटचं द्रावण, निळा रंग गुलाबी झाला की थांबायचं. पण त्यात एक फसवणूक आहे. दोन शेपट्यांपैकी एक तुटली तरी उरलेला रेणू टायट्रेशनला क्वाट म्हणूनच दिसतो. आकडा शाबूत आणि मऊपणा गेलेला, असं होतं. त्यापेक्षा सुटं फॅटी ॲसिड मोजणं बरं. तुमच्यासाठी नाकच पुरेल.

चुरगळलेला

आज ४२ वा दिवस. ब बाटली: पीएच ३.०, नरसाळ्यात २१ सेकंद, खाली पाणी नाही, मेणबत्तीचा वास नाही. ४० अंशांवरची जराशी घट्ट, २७ सेकंद. अ मात्र बाहेर ठेवूनही ७० च्या पुढे गेली.

नवीन पंचाईत: ब सारखीच बॅच पुन्हा केली, फक्त सुगंध ०.५ वरून ०.८ टक्के केला आणि कंपनी बदलली. दुसऱ्या दिवशी धार चांगली होती, आज वरच्या बाजूला घट्ट थर दिसतोय. बाकी एक गोष्ट बदललेली नाही, देवाशपथ.

दोन_शेपट्या

सुगंध म्हणजे शंभर तेलांची खिचडी, आणि ती जाऊन बसते त्याच पडद्यांत. काही तेलं शेपट्यांमध्ये खोल शिरतात, काही डोक्यांपाशी रेंगाळतात, त्यावर पडदा कडक होईल की ढिला ते ठरतं. शिवाय बरीचशी तेलं पाण्याहून हलकी, पुटिका हलक्या झाल्या की वर चढतात. तुम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्यात, आता कोणावर आळ घ्यायचा? जुनाच सुगंध ०.८ वर, आणि नवीन सुगंध ०.५ वर, अशा दोन बाटल्या काढा. वर चढलेल्या थराचा एक थेंब फिल्टरखाली बघून फोटो टाका इथे.

इस्त्री

आणि तोपर्यंत 'हलवून वापरा'.